बोर्ड नसलेल्या नर्सरीतली पंधरा रुपयांची करवंदं

करवंदाची रोपं विकत आणायची म्हटल्यावर आमच्या हिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, करवंद काय विकत आणायची वस्तू आहे? डोंगरात फुकट येतं ते. उद्या म्हणाल, दगड ऑनलाइन मागवतो."

तिचं चुकत नव्हतं. भोर तालुक्यात माझी ३१ वर्षं टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली. नोकरीला लागलो तेव्हा लाइनमन होतो, पुढे कागदावर टेलिकॉम मेकॅनिक झालो. खांब तेच, चढणाराही तोच. निगुडघर, हिरडोशी, वरंध घाटाचं तोंड हा माझा पट्टा. एप्रिल-मेमध्ये तिकडे फॉल्ट काढायला गेलो की जेवणाचा डबा भरलेलाच परत यायचा, कारण दुपारचं जेवण करवंदीच्या जाळ्यांवर उरकलेलं असायचं. या जाळ्यांनी माझ्या खाकी पँटी किती फाडल्या त्याचा हिशेब हिच्याकडे आहे, कारण शिवल्या तिनेच.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन घरी आलो. त्या एका दिवशी देशभरात आमचे ७८ हजारांहून जास्त लोक घरी बसले. भोरच्या बाहेर तीन गुंठ्यांत आमचं बैठं घर आहे. तीन बाजू शेजाऱ्यांच्या भिंतींनी बांधलेल्या, मागची ६५ फुटांची हद्द मात्र सताड उघडी. पलीकडे ओढा आणि ओढ्यावर दिवसभर शेळ्या. गवंड्याने भिंतीचा आकडा सांगितला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलं. काटेरी तार स्वस्तात झाली असती, पण सगळा जन्म तारांत गेलेला, घरामागे आणखी तार बघवली नसती. मग ठरलं की करवंदीचं कुंपण करायचं. काटा असा की कुत्रं आत शिरत नाही. एकदा धरलं की पाणी नको, खत नको. शिमग्याच्या आसपास जुईसारखी पांढरी फुलं, आणि मेमध्ये फळ.

डोंगरातून उपटून का नाही आणली, असं पुष्कळांनी विचारलं. लपवत नाही, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरून हातभर उंचीची सहा रोपं खणून आणली होती. सहाही मेली. करवंदीचं सोटमूळ झाडाच्या उंचीपेक्षा खाली गेलेलं असतं, आणि कुदळीने ते तुटतंच. राखीव जंगलातून खणणं तर गुन्हाच. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

तेव्हापासून तीन ठिकाणांहून मी 'करवंद' म्हणून रोपं विकत घेतली, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळी झाडं मिळाली. फसवणूक म्हणा, अज्ञान म्हणा, पण तुमचेही पैसे तसेच जाऊ नयेत म्हणून लिहितोय. पहिल्या दोघांची नावं घालत नाही, भांडण संपलेलं आहे. तिसऱ्याचं नाव का घालत नाही ते पुढे कळेल.

पहिली खरेदी ऑनलाइन. ऑर्डर मार्च २०२० मध्ये केली आणि दहा-बारा दिवसांत देशच बंद झाला. पैसे गेले असं धरून चाललो होतो, पण मे संपता संपता खोकं आलं. पाच रोपं, १२९५ रुपये. खोक्याची तारीफ करायलाच हवी. आत पुठ्ठ्याचे कप्पे, प्रत्येक कुंडीला प्लॅस्टिकची टोपी, एक पानही मोडलेलं नाही. वर चिठ्ठी होती, 'देशी करवंद, कुंपणासाठी उत्तम'. मी हात फिरवून बघितलं. पान जाड आणि फ्रेंच पॉलिश मारल्यासारखं चकचकीत. काटा टोकाला दुभंगलेला, इंग्रजी वाय असतो ना तसा. मनात पाल चुकचुकली होती, पण डोंगरच्या करवंदीलाही कधी कधी दुभंगलेला काटा येतो, म्हणून गप्प बसलो. चूक झाली. डोंगरच्या करवंदीला असा काटा अधूनमधून सापडतो, इथे एकूण एक काटा तसाच होता.

पुढच्या उन्हाळ्यात फूल आलं ते चांगलं दीड-दोन इंचांचं. वास छान, पण करवंदीचं फूल असं नसतंच, ते बारीक आणि झुबक्यात येतं. नंतर फळ धरलं, लालभडक आणि लांबट, लहान आलुबुखारासारखं. आमची ही म्हणाली, "हे करवंद असेल तर दुधी भोपळा म्हणजे तोंडलं." इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना फांदी नेऊन दाखवली. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, नाताळ प्लम. म्हणजे डिसेंबरातला नाताळ नव्हे. गांधीजी वकिली करायला गेले होते ना दक्षिण आफ्रिकेत, तो नाताळ प्रांत. तिथलं हे झाड. शास्त्रीय नावातली 'कॅरिसा' ही प्रजाती दोघांची एकच, म्हणजे आपल्या करवंदीचा परदेशातला चुलतभाऊ. फळ पिकलं की खाता येतं, जॅमही होतो म्हणे.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, करवंद म्हणजे कॅरिसा, आणि आपण पाठवलेलं रोपही कॅरिसाच आहे." नवरदेव म्हणून चुलतभावाला पाटावर बसवायचं आणि आडनाव एकच आहे म्हणून सांगायचं, त्यातली ही गत. पैसे परत मिळाले नाहीत. झाडं मी तोडली नाहीत, त्यांचा काय दोष? पुढच्या फाटकाजवळ शोभेला लावलीत, लोक थांबून फुलांचे फोटो काढतात. पाचपैकी दोन तारे देतो, त्यातला एक खोक्याला.

दुसरी खरेदी महामार्गावरच्या एका मोठ्या नर्सरीतून, २०२० च्या जुलैत. तोंडाला मास्क आणि गेटवर सॅनिटायझर असा तो काळ. एका रोपाला ८० रुपये, दहा रोपं घेतली. तिथला पोरगा बोलण्यात तरबेज होता. "काका, गावठी करवंद, एकदम गोड, दोन वर्षांत फळ." फळाची वेळ त्याने बरोबर सांगितली हे मान्य करतो. २०२२ च्या पावसाळ्यात थोडी आणि २०२३ ला भरपूर फळं आली. पण कशी? पांढरी, त्यावर गुलाबी छटा, नव्या नवरीच्या गालासारखी. दिसायला इतकी देखणी की आमच्या नातीने पहिल्या दिवशी हात लावू दिला नाही. चवीला मात्र नुसती आंबट, आणि ओठांना चीक.

यात नर्सरीवाल्याने पूर्ण खोटं सांगितलं असं म्हणवत नाही. हेही करवंदच आहे, बागेत लावायचं मोठ्या फळाचं. उत्तरेकडे करोंदा म्हणतात तो हाच, आणि पंतनगरच्या विद्यापीठाने त्याचे वाणही काढलेत. तुम्ही आजवर केकवर, पानात, आइस्क्रीमवर जी लाल 'चेरी' खाल्ली असेल, तीही बहुतेक वेळा पाकात मुरवून लाल रंग दिलेलं करवंदच असतं. मला हे कळलं तेव्हा लहानपणी भावाशी एका चेरीवरून केलेल्या मारामाऱ्या आठवल्या. सगळ्या करवंदासाठी! घराबाहेर पाऊल टाकलं असतं तर फुकट मिळाली असती.

पण मला हवी होती डोंगरची काळी मैना. छोटं, गोल, काळंभोर फळ. टोकाशी दाबलं की गर जिभेवर येतो, आधी गोड, मागून जरा आंबट, आणि शेवटी बारीक तुरटपणा राहतो. एसटी स्टँडवर पळसाच्या पानाच्या द्रोणात मिळतं ते. मोठ्या फळाच्या जातीत ती चव येत नाही, कितीही पिकू द्या. त्यातल्या त्यात जवळ जातो तो दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण बोल्ड'. आमचे जावई खेडचे, त्यांनी दोन रोपं आणून दिली. टपोरं फळ, लोणच्याला पहिला नंबर. ज्यांना चवीपेक्षा उत्पन्न हवंय त्यांनी सरळ तेच लावावं. माझं दुखणं वेगळं होतं. महामार्गावरच्या नर्सरीला तीन तारे, कारण दहाच्या दहा रोपं जगली आणि लोणच्याचा वर्षाचा खर्च सुटला. चौथाही दिला असता, पण 'एकदम गोड' हे दोन शब्द मधे आले.

आता तिसरं दुकान, ज्याच्यासाठी एवढं लिहायला घेतलं.

खरं म्हणजे दुकान नाहीच ते. घाटरस्त्याला, नीरा देवघर धरणाचं पाणी झाडांमधून दिसायला लागतं तिथे एक पत्र्याची शेड आहे, पुढे आंब्याची सावली आणि सावलीत जमिनीवर ओळीने मांडलेल्या पिशव्या. बोर्ड नाही. पिशव्याही नर्सरीच्या काळ्या नाहीत, दुधाच्या आणि तेलाच्या. कापून, खाली भोकं पाडून त्यात माती भरलेली. एक मावशी आणि त्यांचे मालक, दोघंच सगळं बघतात. आवळा, जांभूळ, बिब्बा, हिरडा, शिकेकाई, करवंद, तोरण आणि असलंच बाकी काय काय. गुलाब मागितला तर मावशी हसतात.

मी या रस्त्याने किती वेळा गेलो असेन, पण ही शेड कधी डोळ्यांत भरली नव्हती. २०२१ च्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर चहाला थांबलो, तर मावशी ओट्यावर बसून परातीत करवंदं कुस्करत होत्या. विकून उरलेली, फुटकी, पाऊस लागून फुगलेली फळं. गर धुऊन टाकायचा, बिया राखेत चोळायच्या आणि त्याच दिवशी मातीत. मी म्हटलं, "मावशी, वाळवून ठेवा की, दिवाळीनंतर निवांत लावा." त्या म्हणाल्या, "करवंदाचं बी शिळं झालं की रुसतं, सायेब. आज पडलं तर आजच मातीत जायला पायजे." पुढे मी घरी करून बघितलं. ताज्या बियांतली निम्म्याहून जास्त तीन आठवड्यांत वर आली. महिनाभर डबीत ठेवलेल्या वीस बियांतली एक.

रोपं मागितली तर पहिला प्रश्न आला, "कुंपणाला का खायाला?" मी म्हटलं, दोन्हीला. मग त्यांनी रोप दाखवायच्या आधी घरामागच्या जाळीकडे नेलं, खालच्या फांदीला उरलेली दोन फळं तोडून हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या आईची पोरं हायेत. चव बघा, पटली तर न्या." इतक्या वर्षांत कुठल्याही नर्सरीने रोप विकताना मला फळ चाखवलेलं नाही. फोटो दाखवतात, कार्ड देतात, मोबाइलवर व्हिडिओ लावून देतात. हातावर फळ ठेवणारी ही पहिलीच.

नंतर त्यांनीच सावध केलं. "डोंगरचं हाय. दम धरावा लागंल. चार वर्सं तरी फळाचं नाव काढू नका." आणि दुसरी गोष्ट, जी महामार्गावरच्या पोराने कधीच सांगितली नसती. बियांची रोपं असल्यामुळे सगळी आईसारखी निघतील असं नाही, दहात दोन-तीन आंबट निघणारच. पंधरा रुपयाला एक रोप. ६० घेतली, ९०० झाले. मालकांनी पिशव्या जीपमध्ये मांडताना चार जास्तीच्या ठेवल्या. "मरतील थोडी, तेच्यासाठी," म्हणाले.

तक्रारी आहेतच. पहिली, पिशव्या लहान. वर्षभराच्या रोपाची मुळं तळाशी जिलबीसारखी गुंडाळलेली होती. लावताना पिशवी फाडून, खालची गुंडाळी ब्लेडने कापून, मुळं मोकळी करून मगच खड्ड्यात सोडायची. हे मला कुणी सांगितलं नाही आणि पहिली आठ-दहा मी तशीच लावली. ती अजूनही बाकीच्यांपेक्षा खुजी आहेत. दुसरी, कुठल्या पिशवीत काय आहे ते मावशींच्या डोक्यात. मला दिलेल्या ६४ मध्ये तीन रोपं तोरणाची निघाली. तोरणाचं पांढरं फळ मला आवडतं म्हणून सोडून दिलं, पण ज्याला सरळ कुंपण हवंय तो वैतागेल. तिसरी, पावती नाही, यूपीआय नाही, कारण तिथे मोबाइलला रेंजच नाही. ही तक्रार मी बोलून दाखवली तेव्हा मालक म्हणाले, "सायेब, हे आमी तुमाला सांगायचं का तुमी आमाला?" गप्प बसलो.

लागवडीचं सांगतो, कारण रोप चांगलं असलं तरी निम्मं काम आपलंच असतं. ६५ फुटांत दोन ओळी घातल्या, दोन ओळींमध्ये दीड फूट अंतर आणि एकेका ओळीत दोन-दोन फुटांवर एक रोप, समोरासमोर न येता नागमोडी. खड्डा फूटभर. आमच्या मागच्या जमिनीत दोन वितींवर मुरूम लागतो, करवंदीला तो मानवतो. तिला एकाच गोष्टीचा तिटकारा आहे, मुळाशी साचलेलं पाणी. ओढ्याकडच्या कोपऱ्यात पावसाळ्यात डबकं होतं. तिथलं एक रोप पिवळं पडून गेलं, तेव्हा मी तिथे चर काढला.

शेळ्यांबद्दल एक गैरसमज माझाही होता. करवंदीला शेळी तोंड लावत नाही असं मी छातीठोकपणे सांगायचो. साफ खोटं. जून झालेल्या जाळीत ती शिरत नाही एवढंच, कोवळा शेंडा मात्र चवीने खाते. पहिल्या वर्षी तीन रोपं बुंध्यापर्यंत गेली. मग बाभळीच्या काट्या आणून दोन वर्षं बाहेरून लावल्या. म्हणजे काटेरी कुंपणाला काट्यांचंच कुंपण. शेजारचे तात्या रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "मग ह्या काट्यांना बाहेरून काय लावणार?" २०२२ च्या मेमध्ये आणखी पाच वाळली. तेव्हा आठवड्याला एकदा पाणी देत होतो, पण आठ दिवस नातीकडे पुण्याला गेलो आणि यायला उशीर झाला. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर पाण्याचा एक थेंब दिलेला नाही.

एकूण ६४ मधली नऊ गेली. त्यांच्या जागी घरच्याच बियांची रोपं लावली, मावशींच्या पद्धतीने, राखेत चोळून.

माझी सगळ्यात मोठी चूक २०२३ च्या डिसेंबरमधली. कुंपण कमरेइतकं झालं होतं, अस्ताव्यस्त वाढलेलं. मी मोठी कात्री आणून दोन दिवस बसून सरळ रेषेत कापलं. सरकारी बंगल्याचं कुंपण असतं ना, अगदी तसं. तात्यांनीही पहिल्यांदा कौतुक केलं. मार्चमध्ये बघतो तर फुलांचा पत्ता नाही, बुंध्याकडे कुठे चार झुबके. मे २०२४ ला सबंध ६५ फुटांत मिळून दीड वाटी करवंदं. मावशींना जाऊन सांगितलं तर त्यांनी तोंडाला पदर लावला. "फूल येणारं शेंडं कापलं की तुमी. कापायचं ते करवंदं संपल्यावर, आगोटीला." म्हणजे फळ उतरलं, पहिला पाऊस पडला की हलकी छाटणी. मग पावसाळ्यात नवी फूट येते आणि तीच पुढे फुलते. मी मिशी कापायला बसलो होतो आणि नाकच कापून आलो.

छाटताना जाड हातमोजे घाला. काटा हाताला लागतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, चिकाचं कुणी सांगत नाही. फांदी कापली की पांढरा चीक टपटपतो, कपड्यावर पडला की डाग बसतो. आणि कापलेल्या फांद्या लगेच गोळा करा. वाळलेला काटा स्कूटरच्या चाकात जातो. माझे दोन पंक्चर झाले, दोन्ही माझ्याच अंगणात.

कीड म्हणावी अशी काही दिसली नाही. एकदा मात्र नात किंचाळत आली, "आबा, कुंपणाला डोळे आहेत!" बघितलं तर बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्याजवळ निळेपांढरे दोन गोल डोळे. कण्हेरीवर येते ती. कण्हेर आणि करवंद एकाच कुळातली, त्यामुळे तिला दोन्ही घरं सारखीच. औषध मारलं नाही, दोन फांद्यांचा पाला खाऊन ती गेली. पुढे एका रात्री पडवीतल्या दिव्याखाली हिरव्या-गुलाबी पंखांचा मोठा पतंग येऊन बसला होता, तो तिचाच असावा असं मी नातीला ठोकून दिलं. बुलबुलांनी दोन वर्षं झाली घरटं केलंय, आणि यंदा एक भारद्वाज रोज सकाळी कुंपणाखालून राजासारखा चालत जातो. आमच्या हिला भारद्वाज दिसणं शुभ वाटतं, त्यामुळे करवंदीबद्दलचं तिचं मत एकदम सुधारलं.

यंदाचं, म्हणजे २०२५ चं सांगतो. फेब्रुवारीच्या शेवटी संध्याकाळी मागचं दार उघडलं की वास घरात यायचा. एप्रिलमध्ये हिरवी फळं लगडली. कच्च्यातली दोन किलो लोणच्याला काढली. करवंद दोन तुकडे करून, बी काढून, मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलं की चीक सुटतो, मग नेहमीसारखा मोहरी-मिरचीचा मसाला. थोड्याची हिरवी मिरची, कोथिंबीर, गूळ घालून चटणी वाटली. ती आठ दिवस राहते असं हिचं म्हणणं आहे, आमच्या घरी तिसऱ्या दिवशी वाटी चाटून झाली.

पिकलेली पहिली काळी मैना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तोडली. कुंपणाच्या ओढ्याकडच्या टोकाला एक जाळी आहे, डावीकडून चौथी. ती हुबेहूब मावशींच्या घरामागची. तेच फळ, तोच शेवटचा बारीक तुरटपणा. हिला न सांगता त्या एका जाळीवरची मी एकट्याने खाल्ली, आज इथे कबूल करतो. बाकीच्यांत बारा-तेरा झाडं आंबट निघाली, मावशी बोलल्या होत्या तसं. त्यांच्यावर खडूने खूण केली, पुढच्या वर्षी ती फक्त लोणच्याला.

नात सुट्टीला आली होती. तिला 'कोंबडा का कोंबडी' शिकवलं. फळ तोंडात धरून समोरच्याला विचारायचं, दाताने तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. पुण्यात वाढलेली पोरगी, तिने पहिल्या दिवशी विचारलं की हरलेल्याला काय शिक्षा. मी म्हटलं, हरलेला आणखी एक खातो. म्हणाली, "आणि जिंकलेला?" तोही खातो. तिला हा खेळ बरा वाटला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायला बसली तेव्हा जीभ काळीजांभळी झालेली.

पण यंदा पावसाने घात केला. मॉन्सून २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला, आणि आमच्याकडे त्याच्या आठवडाभर आधीपासून वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. करवंदावर पाऊस पडला की फळ फुगतं, पाणचट होतं, अळ्या पडतात. जेमतेम चार किलो हाती लागली, निम्म्याहून जास्त जाळ्यांवरच गेली. एरवी करवंद जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खाता येतं. खाली पडलेली मी बादलीत गोळा केली, मावशींना नेऊन दिली. बियांसाठी.

त्यांना म्हटलं, तुमच्याबद्दल लिहितोय, नाव-गाव काय घालू? मावशी घाईघाईने म्हणाल्या, "नाव नका घालू. मानसं आली गाड्या घेऊन तर एवढी रोपं कुठनं आनू? मग बाजारातनं आनून इकावी लागतील." म्हणून नाव नाही. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या तोरणाच्या तीन रोपांचा आणि जिलबी झालेल्या मुळांचा कापला.

ज्यांना शोधायचंच आहे त्यांनी भोरहून महाडकडे जाताना धरणाचं पाणी दिसायला लागलं की गाडी हळू करावी. मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा, तेव्हा आईची चव हातावर मिळते. सुट्टे पैसे न्या. घरातल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन नेल्यात तर दहामागे एक रोप फुकट. दुपारी एक ते तीन जाऊ नका, दोघंही जेवून आंब्याखाली झोपलेले असतात आणि कुत्रं ओळखीचं नसेल तर जीपमधून उतरू देत नाही.